चोकच्या जागी दोन तारा : विजेच्या सामानाची मानकं ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
विजेच्या व इलेक्ट्रॉनिक उपकरणांची मानके, सक्तीची नोंदणी आणि सार्वजनिक खरेदीचे नियम ठरवणारे सर्व सन्माननीय अधिकारी यांस,

विषय : एलईडी दिवे, त्यांचे ड्रायव्हर आणि अ‍ॅडॉप्टर यांच्या सक्तीच्या नोंदणीत ईएमसी चाचणीचा (उपकरण इतर उपकरणांच्या कामात अडथळा आणतं का, या तपासणीचा) समावेश करण्याबाबत.

महोदय, महोदया,

बाजारातला एखादा स्वस्त एलईडी ड्रायव्हर, म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज दिव्याला मानवेल अशी करून देणारी छोटी डबी, उघडून पाहा. विजेच्या तारा जिथून आत येतात, तिथे बोर्डवर पांढऱ्या शाईने ‘सीएक्स-१’ असं छापलेलं दिसेल. ती कपॅसिटरची जागा. शेजारी दोन भोकं, आणि त्या भोकांत काहीच नाही. थोडं पुढे ‘एलएफ-१’ छापलेलं असेल. तिथे फेराइटच्या रिंगवर तांब्याची तार गुंडाळलेला छोटा चोक बसायला हवा. त्याच्याऐवजी दोन उघड्या तारांचे जंपर टाकलेले असतील. बोर्ड ज्याने आखला त्याला तिथे काय लागतं ते पक्कं ठाऊक होतं. ज्याने माल भरला त्याने ते वाचवलं. दिवा तरीही लागतो, म्हणून गिऱ्हाइकाला कधी कळत नाही.

हे मी खात्रीने सांगते, कारण असे बोर्ड मी स्वतः विकले आहेत.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा एक गाळा आहे. माझ्यासह अकरा माणसं. आम्ही एलईडीचे ड्रायव्हर बनवतो. गेल्या महिन्यात आपल्या जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक संस्थेने दिव्यांची निविदा काढली. त्यात एक कलम होतं : ड्रायव्हरचा ईएमसी चाचणी अहवाल जोडावा. इतक्या वर्षांत असं कलम मी स्थानिक निविदेत पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडे अहवाल तयार होता. निविदापूर्व बैठक झाली आणि पाचव्या दिवशी शुद्धिपत्रक आलं. कलम काढून टाकलं होतं. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी किंवा युरोपची सीई खूण असली तरी चालेल, असं त्या जागी लिहिलं होतं. मी फोन केला. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं की कायद्याने जे सक्तीचं नाही ते मागितलं, तर स्पर्धा कमी केल्याचा आक्षेप येतो. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. म्हणूनच हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. नियम तुमच्या हातात आहे.

आधी थोडं घरचं सांगते. माझे वडील ट्यूबलाइटचे चोक बनवायचे, ते जुने, लोखंडी पट्ट्यांचे, हातात घेतले की मनगटावर भार येणारे. शाळा सुटली की मी गाळ्यावर जायचे. एकदा त्यांनी स्टार्टर उघडून दाखवला. त्या छोट्या डबीत काचेचा एक इवला बल्ब होता आणि त्याला समांतर जोडलेला हरभऱ्याएवढा कपॅसिटर. बल्ब काय करतो ते मला समजलं. पण हा दुसरा कशाला, विचारलं, तर म्हणाले, ‘शेजाऱ्याचा रेडिओ खरखरू नये म्हणून.’ तो कपॅसिटर कापून टाकला तरी ट्यूब लागते, हे कुठल्याही वायरमनला ठाऊक आहे. तो ट्यूबसाठी नव्हताच. तो भिंतीपलीकडच्या माणसासाठी होता, ज्याला आपण कोणता स्टार्टर विकत घेतला हे कधीच कळणार नव्हतं. आमच्या त्याच गाळ्यात, त्याच टेबलावर, पुढे मी एलएफ-१ च्या जागी जंपर टाकायला लावले.

ज्यांच्या घरी कृष्णधवल टीव्ही होता त्यांना आठवत असेल, शेजारी मिक्सर लागला की पडद्यावर ठिपक्यांच्या रेघा पळायच्या. ईएमसी, पुस्तकी भाषेत विद्युतचुंबकीय सुसंगतता, ती याबद्दलच आहे. प्रत्येक उपकरणाने दोन गोष्टी पाळायच्या. आपला विजेचा कचरा दुसऱ्याच्या दारात टाकायचा नाही, आणि दुसऱ्याकडून थोडाफार आला तर लगेच कोलमडायचं नाही. मिक्सर पाच मिनिटं चालायचा आणि थांबायचा. आता परिस्थिती वेगळी आहे. ड्रायव्हरमधला मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला पन्नास हजार ते लाखभर वेळा वीज चालू-बंद करतो. ही उघडझाप जितकी झटक्यात होईल तितकी वीज कमी वाया जाते, पण तितकेच तिचे पडसाद वरच्या फ्रिक्वेन्सीत पसरतात, तीस मेगाहर्ट्झपर्यंत आणि त्याच्याही पुढे. अडवलं नाही तर ते उलटे वायरिंगमध्ये शिरतात. बिल्डिंगच्या पंधरा मजल्यांवरून फिरलेली वायर ही मग एक भली मोठी अँटेनाच होते. सीएक्स-१ आणि एलएफ-१ हे त्या वाटेवरचे दोन दरवाजे आहेत. रात्रभर जळणाऱ्या जिन्यातल्या, पार्किंगमधल्या, रस्त्यावरच्या दिव्यांत ते उघडे ठेवले, तर नॉइज, म्हणजे हा विजेचा कचराही, रात्रभर चालतो.

यात नवीन शोध काहीच नाही. घराघरांत रेडिओ येऊ लागले तेव्हाच, १९३४ मध्ये, या त्रासाच्या मर्यादा ठरवण्यासाठी सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. दिव्यांसाठी तिचं मानक आहे सिस्पर १५. अर्ध्या ते पाच मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विजेच्या तारेवर परत जाणारा नॉइज ५६ डेसिबल-मायक्रोव्होल्टच्या आत राहायला हवा, म्हणजे जेमतेम ०.६ मिलिव्होल्ट. आपल्याकडे आयएस ६८७३ ही मानकांची मालिका याच विषयावर आहे. मानक आहे, मोजण्याची रीत आहे, मोजणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. खारघरला ‘समीर’ ही केंद्र सरकारची संस्था आहे, आमच्या गाळ्यापासून तासाभराच्या अंतरावर. नाही ती फक्त सक्ती.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय मागण्या करायचा मला अधिकार नाही.

आमच्याकडे एका बोर्डचे दोन माल व्हायचे. एका निर्यातदारासाठी युरोपला जाणारा, त्यात नॉइज अडवणारा सगळा फिल्टर, म्हणजे एक्स कपॅसिटर, वाय कपॅसिटर, चोक, भरलेला. आणि लोहार चाळीतल्या व्यापाऱ्यांसाठी इथला, त्यात त्या जागा रिकाम्या. फरक नगामागे बारा रुपयांचा. व्यापारी म्हणायचे, ‘मॅडम, फिल्टर काढा, भाव खाली आणा.’ मी काढला. पाच वर्षं काढत राहिले. घरच्या गिऱ्हाइकाला युरोपातल्या गिऱ्हाइकापेक्षा कमी का द्यायचं, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला, आणि मी तो बाजूला ठेवला, कारण शेजारचा गाळाही तेच करत होता आणि पगाराची तारीख दर महिन्याला येतेच.

मग एक दिवस घोडबंदर रोडवर मानपाड्याला राहणारे एक निवृत्त शिक्षक गाळ्यावर आले. ते परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, आहेत. त्यांच्या सोसायटीने रीतसर ठराव करून गच्चीवर वीस मीटरची तार बांधू दिली आहे. सात मेगाहर्ट्झवर ते देशभरातल्या हॅमशी बोलतात. सोसायटीने जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या ट्यूब काढून एलईडी पट्ट्या बसवल्या, त्या संध्याकाळपासून त्यांचा रेडिओ बहिरा झाला. टायमर संध्याकाळी सात वाजता दिवे लावायचा आणि रेडिओवरच्या मीटरचा काटा वर जाऊन तिथेच थांबायचा. सकाळी सहाला दिवे बंद झाले की पुन्हा सगळं स्वच्छ. त्यांनी कोणाशी भांडण केलं नाही. वायरमनला सोबत घेऊन एकेका मजल्याचा एमसीबी पाडत गेले, हातात छोटा ट्रान्झिस्टर घेऊन एकेका पट्टीखाली उभे राहिले, शेवटी एक पट्टी उघडली. आतल्या बोर्डवर आमच्या युनिटचा छाप होता.

तो बोर्ड त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, वीज जोडली आणि ट्रान्झिस्टर लावला. लहानपणी याच गाळ्यात ५५८ किलोहर्ट्झवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी दिवसभर चालायची. तिथे आता नुसती घरघर होती. त्यांनी रिकाम्या भोकांवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ताई, ही जागा तुम्हीच छापलीत ना? मग रिकामी का ठेवलीत?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांच्यासमोरच बोर्ड उचलला, जंपर काढले, चोक आणि कपॅसिटर डाग देऊन बसवले. घरघर बसली, आणि तिच्याखालून निवेदिकेचा आवाज वर आला. पुढच्या दोन रविवारी आम्ही त्यांच्या सोसायटीतले चौऱ्याऐंशी ड्रायव्हर स्वखर्चाने बदलले. त्यानंतर फिल्टर नसलेला एकही नग आमच्या गाळ्यातून बाहेर गेलेला नाही. जुना आणि नवा, दोन्ही बोर्ड मी प्रयोगशाळेत मोजून घेतले. रिकाम्या जागांचा बोर्ड मर्यादेच्या वीस डेसिबलहून वर होता. वीस डेसिबल म्हणजे दहापट. भरलेला बोर्ड मर्यादेच्या आत बसला.

त्यानंतर आमची निम्मी गिऱ्हाइकं गेली. ते दुःख मी इथे मांडत नाही. ती माझी निवड होती. पण प्रामाणिक माल हा निव्वळ निवडीचा प्रश्न राहिला तर तो बाजारात टिकत नाही, एवढं मी हिशेबाच्या वहीतून दाखवू शकते.

आता तुमच्याकडे असलेल्या नियमांविषयी.

माझी पहिली तक्रार नोंदणीच्या अर्थाबद्दल आहे. २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी सुरू झाली, आणि २०१४ मध्ये एलईडी दिवे व त्यांचे ड्रायव्हर त्या यादीत आले. आता प्रत्येक नगावर बीआयएसची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक लागतो. ही योजना चांगली आहे. तिच्यामुळे शॉक देणारा, वितळणारा कितीतरी माल बाजाराबाहेर गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण दिव्यांसाठी तिच्यात जी मानकं आहेत, आयएस १६१०२ चा पहिला भाग, ड्रायव्हरसाठी आयएस १५८८५, ती सुरक्षेची आहेत. शॉक लागणार नाही, आग लागणार नाही, एवढं ती पाहतात. दिवा शेजाऱ्याला त्रास देईल का, हे कोणी विचारतच नाही. निविदा काढणारा अधिकारी, सोसायटीचा सेक्रेटरी, दुकानात उभी असलेली बाई, या सगळ्यांना मात्र ती खूण पाहून वाटतं की सगळंच तपासलं आहे.

दुसरी सीई खुणेबद्दल. ही खूण युरोपच्या कायद्याची आहे. तिकडे ईएमसीचा निर्देश १९८९ मध्ये आला आणि १ जानेवारी १९९६ पासून पूर्णपणे बंधनकारक झाला. सध्याचा २०१४ चा आहे. तिथेही बहुतेक वस्तूंवर उत्पादक स्वतःच सीई लावतो, कोणी शिक्का मारून देत नाही. पण तो लावताना तो सहीनिशी घोषणापत्र करतो, कोणतं मानक पाळलं ते नावानिशी लिहितो, चाचणीची कागदपत्रं दहा वर्षं सांभाळतो, आणि वस्तूवर किंवा सोबत आपलं नाव-पत्ता देतो. आयात करणाऱ्यालाही आपलं नाव-पत्ता द्यावा लागतो. दोन अक्षरांमागे एवढं ओझं आहे. आपल्याकडे ती दोन अक्षरं लेबल छापणाऱ्याकडे शेकड्याच्या भावाने मिळतात आणि भारतात विकल्या जाणाऱ्या वस्तूवर त्यांच्यामागे कोणीही उभं नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की अक्षरं जवळजवळ असतील तर ती ‘चायना एक्स्पोर्ट’ची खूण. अशी कोणतीही नोंदलेली खूण नाही. ज्यांनी खरेदीचे नियम लिहायचे, त्यांनी तरी सीईला पुरावा मानू नये. घोषणापत्र आणि अहवाल नसेल तर ती निव्वळ शाई आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते. हा विषय सरकारला ठाऊक नाही असं नाही. २०१७ च्या नियमांनुसार दूरसंचार उपकरणांची चाचणी सक्तीची झाली आणि तिच्यात ईएमसी आहे; कॉर्डलेस फोन आणि मोडेम तर पहिल्याच टप्प्यात होते. वाहनांसाठी ईएमसीची मानकं आहेत. इस्पितळातल्या उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय मानकांत वेगळा भाग आहे. म्हणजे रुग्णाच्या उशाशी असलेल्या मॉनिटरने बाहेरचा नॉइज सोसावा अशी अपेक्षा आहे, पण त्याच खोलीच्या छतावरचा दिवा नॉइज करतो का, हे पाहायची जबाबदारी कोणाचीच नाही. ज्या चीनकडे आपण बोट दाखवतो, त्या देशाच्या स्वतःच्या सक्तीच्या खुणेत, सीसीसीमध्ये, दिव्यांची ईएमसी चाचणी आहे.

कोणी म्हणेल, हॅम किती, मध्यम लहरी ऐकणारे तरी किती उरले? यावर दोन गोष्टी. लातूरला १९९३ मध्ये भूकंप झाला, भुजला २००१ मध्ये, तेव्हा फोन बंद पडले आणि निरोप हॅमनी पोहोचवले. ती माणसं रोज रात्री ऐकत बसतात म्हणून त्या दिवशी ऐकू शकतात. आणि त्रास फक्त मध्यम लहरींपुरता राहत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने जहाजांसाठी सूचना काढली : एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओ आणि जहाजं ओळखणारी एआयएस यंत्रणा बिघडू शकते, दिवे लावून आणि बंद करून तपासून घ्या. उत्तनहून आपल्याच जिल्ह्यातल्या मासेमारी बोटी खोल समुद्रात जातात. तिथे व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनेलवर आलेली हाक केबिनमधल्या स्वस्त दिव्याखाली दबली तर त्या माणसांनी काय करायचं? बोटीला दिवे पुरवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला मी हे सांगितलं. तो गप्प झाला, आणि त्याने पुढची ऑर्डर फिल्टरसह दिली. माणसं ऐकतात. पण एकेकाला सांगत फिरायचं हे काम माझं नाही.

प्रमाणही पाहा. एकट्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. मी त्या बल्बांना नावं ठेवत नाही. विजेची बचत खरी आहे आणि तिच्यावरच आमचं पोट आहे. इतक्या थोड्या वर्षांत सगळा देश लोखंडी चोकवरून मॉसफेटवर आला, एवढंच मला दाखवायचं आहे. नियम मात्र शॉक आणि आग इथेच थांबला.

आमच्या व्यवसायातल्या मित्रांचे आक्षेप मला माहीत आहेत, आणि ते मी टाळणार नाही.

पहिला अर्थिंगचा. जुन्या चाळीत, कितीतरी टॉवरमध्येही, अर्थची तार नुसती लोंबकळत असते. मग वाय कपॅसिटर लावला तर दिव्याच्या धातूच्या अंगाला हात लागला की झिणझिण्या येतात आणि गिऱ्हाईक माल परत आणतं. खरं आहे, माझ्याकडेही परत आला आहे. पण दोन तारांच्या, दुहेरी इन्सुलेशनच्या ड्रायव्हरमध्ये अर्थशिवायही काम होतं : विजेच्या बाजूला एक्स कपॅसिटर आणि चोक, दोन बाजूंच्या मध्ये एक छोटा, प्रमाणित वाय कपॅसिटर, आणि बोर्डची आखणी नीट. आम्ही ते करून दाखवलं आहे. बोर्ड तीन वेळा बदलावा लागला.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला जास्त पटतो. बारा रुपये कोणाला जड नाहीत. जड आहे ती चाचणी. प्रयोगशाळेचा एक दिवस कुशल कामगाराच्या महिन्याच्या पगाराहून महाग पडतो. नापास झालो तर बदल करून पुन्हा रांगेत, पुन्हा पैसे. मोठ्या कंपनीची स्वतःची खोली असते. आमच्यासारखे लोक अंदाजाने चोकचे वेढे वाढवतात आणि देवावर भार टाकतात. नुसती सक्ती आणली आणि ही सोय केली नाही, तर वागळे इस्टेटमधले आणि रबाळे-महापेतले छोटे गाळे बंद होतील, आणि परदेशातून भरलेली डबी आणून स्टिकर लावणारे तेवढे उरतील. तो न्याय होणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे.

एक. एलईडी दिवे, ड्रायव्हर, अ‍ॅडॉप्टर आणि मोबाइलचे चार्जर यांच्या सक्तीच्या नोंदणीत सुरक्षेच्या मानकाबरोबर उत्सर्जनाच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या नॉइजच्या, मर्यादांचं मानक जोडा. विजेचे झटके सोसण्याची चाचणी दुसऱ्या टप्प्यात आणली तरी चालेल. पण उत्सर्जनाची आधी, कारण तिचा फटका तिसऱ्याच माणसाला बसतो. तारीख आजच जाहीर करा आणि लघुउद्योगांना तयारीसाठी दोन वर्षं द्या.

दोन. तोवर खूण काय सांगते आणि काय सांगत नाही हे लोकांना कळू द्या. बीआयएस केअर अ‍ॅपवर आज आर-क्रमांक टाकला की नोंदणी खरी आहे का ते दिसतं. तिथेच एक ओळ वाढवा : ही नोंदणी सुरक्षेपुरती आहे; ईएमसी तपासली आहे किंवा नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही.

तीन. सार्वजनिक खरेदीत ईएमसी अहवाल मागणं म्हणजे स्पर्धा कमी करणं नव्हे, असं स्पष्ट परिपत्रक काढा. अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा हवा, त्यावर पुरवठा होणाऱ्या मॉडेलचाच क्रमांक हवा, आणि आतल्या बोर्डचा फोटो हवा. नुसती सीई खूण स्वीकारू नये. असं परिपत्रक असतं तर ज्या अधिकाऱ्यांनी मला फोनवर उत्तर दिलं, त्यांना आपलंच चांगलं कलम मागे घ्यावं लागलं नसतं.

चार. दुकानातून माल उचला. चाचणीला पाठवलेला नग आणि गोदामातून निघणारा माल यांत किती अंतर असतं हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. नोंदणीच्या वेळी भरलेला बोर्ड, नोंदणीनंतर रिकामा. त्यासाठी दर वेळी प्रयोगशाळेत जायची गरज नाही. चार स्क्रू काढा, एलएफ-१ पाहा. जंपर दिसला की तेवढाच नग मोजायला पाठवा. ज्याचा दोष निघेल त्याची नोंदणी थांबवा आणि ते नाव जाहीर करा. आमचं असलं तर आमचंही.

पाच. ठाणे आणि नवी मुंबईच्या औद्योगिक वसाहतींत एकेक सामायिक पूर्वचाचणी कक्ष द्या. मोठी खोली नको. विजेच्या तारेवरचा नॉइज मोजणारं एलआयएसएन, एक रिसीव्हर, एक शिकलेला तंत्रज्ञ आणि तासावर भाडं. लघुउद्योगांच्या समूह विकास योजनेत सामायिक सुविधा केंद्राची तरतूद आधीपासून आहे. एमआयडीसीची सुरुवात १९६२ मध्ये वागळे इस्टेटमधूनच झाली. हा कक्षही तिथेच आधी उघडला तर आम्ही जागा शोधून देऊ.

सहा. सामान्य माणसाने तक्रार कुठे करायची ते एका ठिकाणी, मराठीत लिहा. मानपाड्याच्या त्या शिक्षकांना तीन कार्यालयांत पाठवलं गेलं. एकाने सांगितलं हे विजेचं आहे, दुसऱ्याने सांगितलं हे रेडिओचं आहे, तिसऱ्याने सांगितलं सोसायटीत मिटवा. ज्या मालाला मर्यादाच सक्तीची नाही, त्याच्याविरुद्ध कोणत्या नियमाखाली तक्रार घ्यायची, हा त्या कार्यालयांचा प्रश्नही खरा आहे. पहिली मागणी मान्य झाली तर तो सुटतो.

या पत्राची प्रत मी आमच्या वसाहतीतल्या उद्योजकांना आणि माहितीतल्या सोसायट्यांना पाठवते आहे. सोसायटीच्या कमिट्यांना तूर्त एवढीच विनंती : पुढच्या वेळी दिवे बदलाल तेव्हा कंत्राटदाराकडून एक नग मागून घ्या, वायरमनला उघडायला सांगा, आणि रिकाम्या जागा दिसल्या तर तो माल घेऊ नका.

मी ज्या बॅचमध्ये चूक केली, तिच्यातले दोन बोर्ड गाळ्यात जपून ठेवले आहेत. एक जसा होता तसा, एक नंतर भरलेला. सोबत त्या शिक्षकांनी दिलेला ट्रान्झिस्टर आहे. तुमच्या कार्यालयात येऊन ते टेबलावर लावून दाखवायला मला पाच मिनिटं लागतील. तारीख आणि वेळ कळवावी.

आपली,
वागळे इस्टेटमधील एक लघुउद्योजिका
ठाणे